गावभागातल्या लॅबचा यूपीएस : कामाच्या नोंदी

१६ एप्रिल २०२५

सांगलीत गावभागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम घेतलं. तळमजल्यावर रक्त घ्यायची खोली, तिच्या आत यंत्रं, वरच्या मजल्यावर जुन्या रिपोर्टांची खोली. मॅडमचं म्हणणं सरळ आहे. लाइट गेली की ॲनालायझर मध्येच थांबतो, आत घातलेले नमुने आणि रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, वाया जातात, पेशंटला परत बोलवावं लागतं. "मोठ्या माणसाचं एक वेळ चालतं हो. चार महिन्यांच्या बाळाची शीर दुसऱ्यांदा शोधायची म्हणजे त्याच्या आईकडे बघवत नाही," त्या म्हणाल्या. यापुढे कामाचं कारण विचारायची गरज उरली नाही.

सध्याची व्यवस्था पाहिली. जिन्याखाली लाकडी कपाट, त्यात इन्व्हर्टर आणि पाणी भरायच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. कपाटाला दार, दाराला कुलूप, हवा खेळायला फट नाही. वरच्या फळीवर स्पिरिटचे कॅन आणि स्लाइड रंगवायच्या स्टेनच्या बाटल्या. लेशमन स्टेन मिथेनॉलमध्ये केलेला असतो. खाली चार्जिंगवरची बॅटरी हायड्रोजन सोडते. तो हवेत चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. बाकी सगळं नंतर, पण स्पिरिट आणि स्टेन माझ्यासमोर तिथून हलवून घेतले आणि कपाटाचं दार काढून ठेवायला लावलं.

बॅटरीचा करंट डीसी, पण तिच्या लाइनीत एसी करंटचा साधा एमसीबी, म्हणजे ब्रेकर, लावलेला. एका टर्मिनलवरचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, बोटाने हलत होता, भोवतीचं प्लास्टिक भाजून तपकिरी झालेलं आणि त्यावर हिरवट-पांढरा थर चढलेला. बोर्डावरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा ब्रेकर, कुणीतरी वायरीने बायपास केलेला. त्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, "तो सारखा पडत होता."

आतल्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसते, माझ्या छातीच्या वर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. इथे ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका धरतात. २००५ आणि २०२१ लाही गावभागाने पाणी पाहिलं. त्यामुळे कुठला यूपीएस घ्यायचा याच्या आधी तो ठेवायचा कुठे हे ठरवावं लागणार.

१९ एप्रिल

भार मोजला. उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची गर्दी सकाळी असते, म्हणून मीही लॅब उघडायच्या वेळेलाच गेलो. यंत्रांच्या मागच्या पाट्यांवरचे वॅट लिहून बेरीज केली की आकडा नेहमी फुगतो. म्हणून एक एक लाइन क्लॅम्प मीटरमध्ये घेतली.

बायोकेमिस्ट्रीचा ॲनालायझर, सेल काउंटर, दोन कॉम्प्युटर, बारकोडचा प्रिंटर, राउटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि कामाच्या टेबलावरचे एलईडी, सगळं एकदम चालू असताना २३२ व्होल्टला ५.४ अँपिअर. म्हणजे साडेबाराशे व्हीए, वॅटमध्ये साधारण अकराशे तीस.

सेंट्रिफ्यूज यूपीएसवर घेणार नाही. तो मध्येच थांबला तर नमुना बिघडत नाही, परत फिरवता येतो. शिवाय मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. रिएजंटचा फ्रिज त्याच कारणाने बाहेर. तो दार न उघडता काही वेळ थंडी धरतो, त्यात तापमान नोंदणारा थर्मामीटर ठेवायला सांगितला. लेसर प्रिंटरवर थोडी वादावादी झाली. रिपोर्ट त्याच्यावरच निघतात हे खरं, पण आतला हीटर तापताना तो एकटा बाकी सगळ्यांच्या जोडीचा भार टाकतो. लाइट नसताना रिपोर्ट मोबाइलवर पाठवायचे असं ठरलं.

ठरलं ते असं : ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, म्हणजे भार सतत स्वतःमधूनच चालवणारा, आणि ९६ व्होल्टची बॅटरी बँक, म्हणजे १२ व्होल्ट ४२ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) आठ सीलबंद बॅटऱ्या. लाँग बॅकअपचं मॉडेल मागवायचं. आत बॅटरी असलेल्या छोट्या मॉडेलचा चार्जर एक-दोन अँपिअरचा असतो, तो या बँकेला भरून काढायला फार वेळ घेईल. आम्हाला चार अँपिअर हवेत.

बॅकअपचा हिशेब मॅडमना कागदावर करून दिला. ११३० वॅट, यूपीएस आणि त्याच्या आउटपुटला लावायचा ट्रान्सफॉर्मर मिळून कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून जवळजवळ १४ अँपिअर जाणार. त्यांनी लगेच ४२ ला १४ ने भागलं आणि म्हणाल्या, तीन तास. ते तसं नाही. बॅटरीवरचा ४२ हा आकडा वीस तासांत हळूहळू वापरली तरचा आहे. जोरात उपसली की एकूण कमीच निघते. नव्या बॅटरीवर दोन तासांच्या आसपास मिळतील, आणि दोन-तीन वर्षांनी त्याहून कमी. हे आज बोललेलं बरं.

२४ एप्रिल

जागा ठरली : वरची रिपोर्टांची खोली, जिन्याला लागून, खालून बीम गेलेली भिंत. बॅटऱ्या, रॅक, यूपीएस, ट्रान्सफॉर्मर मिळून पावणेदोनशे किलोच्या वर जातं. इमारत जुनी आहे, म्हणून मॅडमनी त्यांच्या ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरना दाखवलं. त्यांनी भिंतीला चिकटून, बीमवर, असंच ठेवा म्हणून सांगितलं.

यूपीएस खाली आणि फक्त बॅटऱ्या वर, असाही एक विचार निघाला. तो मी नाही म्हटला. १६ स्क्वेअर एमएमच्या वायरीत व्होल्टेजचा ड्रॉप फार पडला नसता, कारण ते नव्हतं. शंभर व्होल्टचा डीसी जिन्यातून, भिंतीतून खाली आणायचा, आणि पाणी आलं की तीच लाइन पाण्यात. बॅटरी आणि यूपीएस शेजारी शेजारी ठेवायचे, डीसीची वायर वावभर, आणि खाली जाईल तो २३० चा एसी, वरून बंद करता येईल असा.

वरच्या खोलीचा दोष एकच, उकाडा. डोक्यावर थेट गच्ची आहे. दुपारी तीनला आत ३९ अंश होते. सीलबंद बॅटरीचं आयुष्य पंचवीसच्या आसपासच्या तापमानावर लिहिलेलं असतं. त्याच्यावर दर आठ-दहा अंशाला ते निम्मं होत जातं. गच्चीला पांढरा रंग, खिडकीच्या वरच्या भागात एक्झॉस्ट, दाराच्या खालच्या बाजूला जाळी. हायड्रोजन हवेपेक्षा हलका, तो वर जमतो. म्हणून हवा खालून घ्यायची आणि वरून काढायची. सीलबंद बॅटरी एरवी वायू सोडत नाही, पण चार्जर बिघडून जास्त व्होल्टेज गेलं की तिचा व्हॉल्व्ह उघडतो. एक्झॉस्ट त्या दिवसासाठी आहे.

३ मे

अर्थिंग. जुन्या खड्ड्याचं माप ११ ओहम आलं. हा आकडा जितका कमी तितका चांगला. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, पाइपापासून सुटते, मग पाइप जमिनीत असून नसल्यासारखा. म्हणूनच मी अर्थचं माप मेमध्ये घेतो. पावसाळ्यात घेतलेलं माप सगळ्यांनाच चांगलं दिसतं.

मागच्या बोळात नवा खड्डा घेतला, इलेक्ट्रोडभोवती बेंटोनाइट, म्हणजे एक चिकणमाती, भरलं. ते ओल धरून फुगतं आणि धातूला चिकटून राहतं. नवा आणि जुना पट्टीने जोडले. टेस्टरवर २.४ ओहम. पट्टीच्या जोडावर दोन बोल्ट घेतले, वर पत्र्याचं झाकण आणि त्यावर तारीख.

९ मे

आजचा सगळा दिवस न्यूट्रलमागे गेला, आणि या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच.

आरसीसीबी "सारखा पडत होता" याचं कारण सापडलं. इन्व्हर्टर बसवताना फेज वेगळा काढला होता, पण न्यूट्रल मात्र सगळ्या लाइनींचे एकाच पट्टीवर. आरसीसीबीचं काम इतकंच असतं : फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का ते बघायचं, आणि ३० मिलिअँपिअरच्या आत फरक दिसला तरी लाइन तोडायची. इथे इन्व्हर्टरच्या फेजने गेलेला करंट दुसऱ्याच न्यूट्रलने परत येत होता. आरसीसीबी बिचारा बरोबर सांगत होता, आणि त्याचंच तोंड बांधलं गेलं. ज्या खोलीत ओल्या हाताने काम चालतं, पेशंटचा दंड धरलेला असतो, तिथे इतके महिने तो नुसता शोभेला होता. हे पाहून मला खरंच वाईट वाटलं.

प्रत्येक लाइनीचा न्यूट्रल सोडवला, बझर लावून कुठला कुणाचा ते काढलं, ओळखीचे फेरुल घातले. यूपीएसच्या लाइनींना वेगळा डीबी, म्हणजे वेगळा बोर्ड, आणि वेगळी न्यूट्रल पट्टी. मेनच्या न्यूट्रलशी तिचा कुठेही संबंध नाही. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थ. यूपीएसच्या पाइपावर पिवळा पट्टा.

दुसरा मुद्दा नाजूक आहे. साध्या ऑनलाइन यूपीएसमध्ये न्यूट्रल आतून सरळ आरपार गेलेला असतो. बाहेरचा मेन दोन्ही पोलांनी बंद केला की न्यूट्रल तुटतो, आणि यूपीएस तर बॅटरीवर चालूच असतो. तेव्हा त्याच्या आउटपुटचा न्यूट्रल जमिनीपासून सुटलेला, अधांतरी. यंत्राच्या बॉडीवर फेज आला तरी करंटला परतीची वाट नाही, आरसीसीबी गप्प, आणि दुसरा दोष उभा राहीपर्यंत कुणाला पत्ता नाही. म्हणून आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतला. त्याच्या सेकंडरीचं, म्हणजे आउटपुटच्या गुंडाळीचं, एक टोक आपण तिथेच अर्थला बांधायचं, एकाच जागी, तो झाला यूपीएसचा न्यूट्रल. मग मेन असो नसो, खालचे आरसीसीबी जागे राहतात. वजन आणि खर्च वाढला. मॅडमनी कारण विचारलं, सांगितलं, आणि त्यांनी होय म्हटलं.

आरसीसीबी दोन घेतले. प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक ॲनालायझर आपापल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला सोडतोच. सगळे एकाच आरसीसीबीवर टाकले की तो काठावर राहतो, आणि मग पुन्हा कुणीतरी त्याला बायपास करायला धजावतो.

१४ मे

डीसीचं सामान आणायला गणपती पेठेत.

"अण्णा, बॅटरीसाठी डबल पोल ब्रेकर पाहिजे, ६३ अँपिअर."

"ह्यो घ्या की, सी कर्व्ह. समदी ह्योच न्हेत्यात."

"हा एसीचा आहे."

"एमसीबी एमसीबीच असतोय वं."

नसतो. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. संपर्क सुटले तरी मधली ठिणगी जळत राहते, ब्रेकर आतून वितळतो, आणि बाहेरून दांडी मात्र खाली पडलेली दिसते. जिन्याखालच्या त्या कपाटात नेमकं हेच वाट बघत बसलं होतं.

सोलरची कामं वाढल्यापासून डीसीचे ब्रेकर सहज मिळतात. अण्णांनीच आतून काढून दिले. पण त्यातही एक बघावं लागतं. सोलरच्या बऱ्याच ब्रेकरांवर अधिक-उणेच्या खुणा असतात. आतलं चुंबक ठिणगीला एकाच दिशेने ढकलतं. पॅनेलमधून करंट एकाच दिशेने येतो, तिथे ते चालतं. बॅटरीच्या लाइनीत तो चार्जिंगला एकीकडे आणि बॅकअपला दुसरीकडे जातो. म्हणून खुणा नसलेला, दोन्ही दिशांना तोडणारा, २५० व्होल्ट डीसी असं अंगावर छापलेला घेतला. पूर्ण भाराला आणि बॅटरी संपत आल्यावर, म्हणजे ८४ व्होल्टला, अडतीस अँपिअरच्या जवळ जातील. त्याला ६३ पुरतो, आणि १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ६३ ला पुरते. ब्रेकर वायरीपेक्षा मोठा झाला की वायरच फ्यूज होते.

सोबत डीसीचा एचआरसी फ्यूज, म्हणजे शॉर्टचा मोठा करंटही तोडणारा, आणि त्याचा होल्डर.

२० मे

बॅटऱ्या आल्या. आठही एकाच महिन्याच्या आहेत का ते खोक्यावरून नाही, अंगावरच्या छापावरून बघितलं. मोकळ्या टर्मिनलवर मीटर लावला : सात जणी १२.८४ ते १२.८८, एक १२.५१. ती परत पाठवली. सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडलेल्या रांगेत, एक कमजोर असली की चार्जिंगला बाकीच्या भरून जास्तीचं पितात, ती उपाशी राहते, आणि बॅकअपला सगळ्यात आधी तीच बसते. दुपारी बदली आली, १२.८६.

एक एक बॅटरी तेरा-चौदा किलोची. अरुंद जिना, पण पट्ट्याने उचलून नेल्या. टर्मिनलला धरून एकही नाही.

२१ मे

जोडणी. आज पेशंट नव्हते, फोन बंद, वरच्या खोलीत मी आणि आयटीआय झालेलं माझ्याकडचं पोरगं, दोघंच.

त्याच्या हातात तांब्याचं कडं होतं. आजोबांनी घातलंय, काढत नाही म्हणाला. त्याला खाली बसवून समजावलं. ही बँक शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्या वर करंट निघेल. कुठलाही मेन, कुठलाही डीपी तो तोडणार नाही. महावितरणची लाइन कुणीतरी बंद करू शकतं. बॅटरीच्या मागे असा कुणी माणूस बसलेला नाही. ती आत्ता, खोक्यातून काढल्यापासूनच, चालू आहे. कडं दोन टर्मिनलमध्ये आलं तर हातातच लाल होईल. त्याने गुपचूप काढलं, रुमालात बांधून खिशात ठेवलं. माझं घड्याळ आणि अंगठीही बाहेर.

पान्ह्यांना टोक सोडून सगळीकडे टेप आणि वर हीट श्रिंक. गॉगल, रबरी हातमोजे. शेजारी पाण्याची बादली, खाण्याचा सोडा, आणि सीओटूचा सिलिंडर. रॅकवर कुठलाही पान्हा ठेवायचा नाही, खाली पसरलेल्या रबरी मॅटवरच.

दोन फळ्या, प्रत्येकी चार बॅटऱ्या. दोन बॅटऱ्यांत अंगठ्याएवढी फट, हवेसाठी. खालच्या फळीच्या चार जोडल्या, झाकणं बसवली, मीटर लावला : ५१.४. वरच्या चार, ५१.५. इथे थांबायचं. साठ व्होल्टच्या वरचा डीसी अंगावर घ्यायचा नाही, असं आम्ही धरतो, आणि प्रत्येक अर्धी बँक त्याच्या खाली आहे. दोन्ही अर्ध्यांना जोडणारा मधला दुवा म्हणजे तो एचआरसी फ्यूज. तो सगळ्यात शेवटी बसतो. पुढे कधीही या रॅकला हात लावायचा असेल तर पहिल्यांदा ब्रेकर खाली आणि मग मधला फ्यूज बाहेर, म्हणजे शंभर व्होल्टचे परत पन्नास-पन्नास.

नट आधी हाताने, मग टॉर्क पान्ह्याने, बॅटरीच्या कागदावर दिला आहे तेवढाच. जास्त आवळलं की शिशाचा खांब फिरतो आणि सील जातं. आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढरी रेघ ओढली. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल.

बँकेपासून ब्रेकरपर्यंतची दीड हात वायर ही अशी जागा आहे जिथे ब्रेकरचा उपयोग नाही, तिला फक्त मधल्या फ्यूजचा आधार. म्हणून अधिकची वायर वेगळ्या पाइपातून, उणेची वेगळ्या, दोन्ही पाइप पीव्हीसीचे, एकमेकांना लागत नाहीत. ब्रेकर रॅकच्या बाहेर, डोळ्यासमोर, पेटीत.

फ्यूज बसवला, ब्रेकर खालीच. ब्रेकरच्या वरच्या टोकांवर १०२.९. पोराला विचारलं, यातली एक बॅटरी उलटी लागली असती तर काय दिसलं असतं? त्याने जरा वेळ घेतला आणि बरोबर सांगितलं, सत्त्याहत्तरच्या आसपास. म्हणूनच नुसतं "व्होल्टेज आलं" बघायचं नसतं, आकडा बघायचा असतो.

२३ मे

चालू केला. बॅटरीचं अधिक यूपीएसच्या अधिकवर येतंय ना, ते ब्रेकर लावायच्या आधी मीटरने, आणि वायर पाइपातून ओढत डोळ्याने, असं दोनदा. पुस्तिकेतला क्रम आधी मेन आणि मग बॅटरीचा ब्रेकर असा आहे. आतले कपॅसिटर मेनवर आधीच भरून घेतले की ब्रेकर लावताना मोठी ठिणगी उडत नाही.

फ्लोट, म्हणजे भरलेल्या बँकेवर चार्जरने धरून ठेवलेलं व्होल्टेज, १०९.१. तापमानाचा सेन्सर वरच्या फळीच्या मधल्या बॅटरीला चिकटवला. एका सेलला अंशामागे तीन मिलिव्होल्ट कमी, अठ्ठेचाळीस सेल, म्हणजे दहा अंश वाढले की जवळपास दीड व्होल्ट उतरायला हवेत. हेअर ड्रायरने सेन्सर तापवून बघितलं, उतरतात.

रात्रभर चार्ज होऊ द्यायचं.

२४ मे

मेन काढला, खाली सगळी यंत्रं नेहमीसारखी चालवली. बॅटरीतून १४ अँपिअर, हिशेबाप्रमाणे. तासाभराने ९५.२ व्होल्ट, दीड तासाला ९३, तिथे थांबवलं. या वेळात इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक जोडावर फिरवत होतो. सगळे ३७ ते ३९, एक जोड ४६. नुसत्या नजरेला आणि रेघेला तो ठणठणीत. ब्रेकर खाली, फ्यूज बाहेर, नट उघडला. तयार आलेल्या लिंकवरची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी वॉशरखाली अर्धी राहिलेली होती. नखाने काढली, पुसून परत बसवलं, अर्धा तास परत भार दिला : ३८. जिन्याखालचं ते भाजलेलं टर्मिनलही असंच आठ-दहा अंशांनी सुरू झालं असणार.

२७ मे

यंदा मे संपायच्या आतच पाऊस लागला, त्यामुळे पुराचं काम पुढे ओढलं.

खालच्या यंत्रांना यूपीएसची वीज मिळते. पाणी शिरायला लागलं की परिसराची लाइन बंद होते, लोकांना वाटतं आता घरात करंट नाही, आणि गुडघाभर पाण्यात सामान उचलायला उतरतात. आमचा यूपीएस तेव्हा दोन तास खालच्या सॉकेटांना २३० व्होल्ट देत असेल. सॉकेट वर घेऊन भागत नाही, २०१९ ची रेघ छातीच्या वर आहे. म्हणून वर, जिन्याच्या तोंडाशी, दोन्ही पोल तोडणारा आयसोलेटर, मोठी लाल दांडी : ती पाडली की तळमजल्याला यूपीएसचं काहीही जात नाही. दुसरं, यूपीएसच्या इमर्जन्सी टर्मिनलवरून आणलेलं लाल बटण, एक जिन्याशी आणि एक खाली दाराशी. दाबलं की यूपीएस आउटपुट बंद करतो. मेनच्या बोर्डावर आणि मीटरच्या खाली पत्र्याची पाटी : "या इमारतीत यूपीएस आहे. मेन बंद केल्यावरही वीज असते. लाल दांडी वरच्या जिन्यात." अग्निशमनवाला असो की लाइनमन, त्याला आत शिरताना हे दिसलं पाहिजे.

लॅब सकाळी मावशी उघडतात, पुरातही सगळ्यात आधी त्याच पोचतात. त्यामुळे शिकवायचं त्यांना. दोन वेळा त्यांच्याच हाताने दांडी पाडून घेतली.

"आन् पानी पायरीला लागायच्या आधी पाडायची, लागल्यावर न्हाई," त्याच म्हणाल्या. मग बटणाकडे बोट केलं. "ह्ये दाबलं की वरचं यंत्र बंद. पर बॅटऱ्या जित्त्याच, असंच न्हवं?"

"असंच. रॅकचं झाकण तुम्ही उघडायचं नाही, कुणाला उघडू द्यायचं नाही."

"झाडू सुद्धा बाहेरनंच मारते की."

रॅकला पुढून ॲक्रिलिकचं पान लावलं, कुलूप, किल्ली मॅडमकडे. त्या खोलीत रिपोर्टांचे गठ्ठे ठेवायचे नाहीत, हे मात्र परत परत सांगावं लागणार आहे. आजच एक गठ्ठा खालच्या जाळीपुढे होता.

५ जून

शेवटच्या चाचण्या, मुद्दाम मेन बंद ठेवून, यूपीएस बॅटरीवर. आरसीसीबी टेस्टरने दोन्हींवर ३० मिलिअँपिअर सोडले : एक २६ मिलिसेकंदांत पडला, दुसरा ३१. जिथे आधी बायपासची वायर होती, तिथे आता हे होतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ०.४ व्होल्ट. मेनचा फ्यूज काढल्यावर इनपुटच्या टोकांवर यूपीएसमधून मागे काही येतं का ते पाहिलं, येत नाही.

सगळ्या बॅटऱ्यांचे फ्लोटवरचे व्होल्टेज १३.५३ ते १३.६६. वहीत एक एक नंबरसमोर लिहिले. दर तीन महिन्यांनी लॅबच्या ताईंनी मेन काढून अर्धा तास चालवायचं आणि मी येऊन हेच रकाने भरायचे. कुठलीही एक बाकीच्यांपासून दूर पळायला लागली की तिच्यावर लक्ष.

लायसन्सच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मॅडमकडे दिला, वायरिंगचा नकाशा लॅमिनेट करून यूपीएसच्या शेजारी टांगला. जुन्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या विक्रेत्याने परत घेतल्या. बॅटरीच्या कचऱ्याबद्दलच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हव्यात, भंगारात नाही. त्याची पावती मागितली आहे. ती आली की बिल पुरं करतो.